क्यूसाठी नक्षीदार मेपल घेण्याआधी

प्रश्न इंदुरातल्याच, रामबागेत राहणाऱ्या एका तरुण पूल खेळाडूचा आहे. त्यांच्या भावाने अमेरिकेहून येताना कर्ली मेपलची, म्हणजे अंगच्याच आडव्या पट्ट्यांची नक्षी असलेल्या मेपल लाकडाची, एक फळी आणली आहे. तिची लांबी तीन फूट, रुंदी सहा इंच आणि जाडी दीड इंच आहे. तिच्यातून हाताने घडवलेला क्यू (चेंडू मारायची काठी) करून घ्यावा असा त्यांचा विचार असून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : नक्षीच्या लाकडाने फटका सुधारतो का, असा क्यू पुढे वाकतो का, आणि बटाबरोबर (हातात धरायचा मागचा जाड भाग) शाफ्टही (पुढचा निमुळता भाग) याच फळीतून काढता येईल का.

थोडक्यात उत्तर असे की फटका नक्षीमुळे सुधारत नाही. क्यू वाकू शकतो, परंतु त्याचा दोष बहुतेक वेळा नक्षीचा नसून लाकूड निवडणाऱ्याचा आणि घाईचा असतो. आणि शाफ्ट या फळीतून काढू नये. ही उत्तरे कशावरून देतो, हे समजले तर कारागिराशी बोलताना काय विचारायचे हेही समजेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नक्षी ही मुळात झाडाच्या वाढीतली वाकडी चाल आहे. मेपलचे तंतू खोडात सरळ उभे जाण्याऐवजी नागमोडी जातात, तेव्हा फळीच्या पृष्ठभागावर ते कुठे आपल्याकडे तोंड करून येतात, तर कुठे आपल्यापासून दूर वळतात. पहिल्या जागी प्रकाश शोषला जातो आणि तो पट्टा गडद दिसतो, दुसऱ्या जागी प्रकाश परततो आणि पट्टा उजळ दिसतो. फळी फिरवली की गडद पट्टे उजळतात आणि उजळ पट्टे गडद होतात. महेश्वरी साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन जो धूपछाँवचा खेळ साधतात, त्याच जातीचा हा खेळ आहे, फरक इतकाच की इथे रंग एकच असतो आणि वळतो तो तंतू. स्वस्त क्यूंवर जी नक्षी छापलेली किंवा चिकटवलेली असते ती याच कसोटीवर उघडी पडते : मोबाइलच्या टॉर्चखाली क्यू हळूहळू गोल फिरवावा, पट्टे जागचे हलले नाहीत तर ती नक्षी छापील समजावी.

व्यवहारात तीन प्रकार येतात. आडव्या पट्ट्यांचे ते कर्ली, ज्याला टायगर किंवा फिडलबॅकही म्हणतात, कारण व्हायोलिनच्या पाठीला तेच लावतात. बारीक बारीक डोळ्यांसारखे ठिपके असतात ते बर्ड्स आय. आणि गोधडीसारखे फुगीर दिसते ते क्विल्टेड. यांपैकी बर्ड्स आय प्रामुख्याने शुगर मेपलमध्ये, म्हणजे बाजारात ज्याला हार्ड मेपल म्हणतात त्या जातीत सापडते आणि मिशिगनच्या उत्तरेकडच्या जंगलांचा माल त्यासाठी नावाजलेला आहे. उत्तम क्विल्टेड मात्र बहुधा पश्चिम किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमधून येते. हा जातीचा फरक क्यूसाठी नक्षीपेक्षा महत्त्वाचा आहे. शुगर मेपलचे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे 705 किलो भरते, बिगलीफ सुमारे 545 किलो. पहिल्याची जांका कठीणता (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला लागणारा जोर, पौंडांत) 1450 च्या घरात, दुसऱ्याची 850 च्या. क्यूच्या हिशेबात याचा अर्थ काय होतो ते पाहा. फोरआर्म, म्हणजे जॉइंटपासून (जिथे शाफ्ट आणि बट जुळतात) मुठीपर्यंतचा भाग, साधारण 31 सेंटिमीटर लांब आणि सरासरी 24 मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचे आकारमान 140 घनसेंटिमीटर होते. हार्ड मेपलमध्ये त्याचे वजन 99 ग्रॅम, बिगलीफमध्ये 76 ग्रॅम. क्यूचे एकूण वजन 19 औंस, म्हणजे जवळपास 540 ग्रॅम असते. त्यातले 23 ग्रॅम फोरआर्ममधून गेले की तोल मागे सरकतो, आणि कमी झालेले वजन भरून काढायला बटाच्या शेवटी वजनाचा बोल्ट टाकला तर तो आणखी मागे जातो. खेळाडू मग म्हणतो की क्यू छान आहे पण हाताला बसत नाही. म्हणून विक्रेत्याने फळीवर किती ए लिहिले आहेत याकडे मी बघत नाही, कारण ती श्रेणी ज्याची त्याने ठरवलेली असते. मी आधी जात विचारतो आणि मग वजन करतो.

आता वाकण्याचा प्रश्न. इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. तंतूची लाट ही एक गोष्ट आणि तंतूची सरासरी दिशा ही दुसरी. लाट कितीही असली तरी तिचा मधला अक्ष क्यूच्या अक्षाला समांतर असेल तर तुकडा बराच भरवशाचा असतो. पण तो अक्षच तिरका सुटला असेल, म्हणजे तंतू क्यूच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असतील, तर तो तुकडा नक्षी नसतानाही वाकेल. तिरकेपणाची किंमत लाकूडशास्त्राच्या तक्त्यांत स्पष्ट दिलेली आहे. दहा इंचांत एक इंच तिरका गेलेला तंतू असेल तर वाकवताना मोडण्याची ताकद सरळ लाकडाच्या 81 टक्के उरते आणि आघात सोसण्याची ताकद 62 टक्के; पाच इंचांत एक इंच गेला तर हेच आकडे 55 आणि 36 वर येतात. दाबाखालची ताकद मात्र फारशी घटत नाही, आणि म्हणूनच असे लाकूड टेबलाच्या पायात वर्षानुवर्षे चालते, पण क्यूमध्ये उघडे पडते.

अडचण अशी की कर्ली मेपलमध्ये डोळा पट्ट्यांनी भुलतो आणि खरी दिशा दिसत नाही. त्यासाठी फळीची चपटी कापलेली, म्हणजे वर्षवलयांना स्पर्शून कापलेली, बाजू घ्यावी, बारीक घासकागदाने साफ करावी आणि भिंगातून पाहावे. मेपलच्या त्या बाजूवर तपकिरी रंगाच्या बारीक, तुटक रेघा दिसतात. त्या लाकडाच्या किरणपेशींच्या असतात आणि तंतूच्या दिशेनेच उभ्या असतात. या रेघा लाटेबरोबर डावीउजवीकडे झुलतात, पण फूटभर अंतरात त्या सरासरीने पुन्हा मूळ रेषेवर येतात की हळूहळू एका काठाकडे सरकत जातात, ते पेन्सिलीने खुणा करून तपासता येते. दुसरी कसोटी अधिक खात्रीची आहे : फळीच्या टोकाचा दोन इंचांचा तुकडा कापून तो पटाशीने फोडावा. करवत लाकडाला आपल्या दिशेने नेते, पण फुटताना लाकूड स्वतःच्या दिशेने जाते. फुटलेली बाजू पत्र्याच्या पन्हळीसारखी लाटदार निघेल, ती निघावीच. पाहायचे हे की त्या पन्हळी पत्र्याची एकूण पातळी सपाट आहे की उतरती.

हे सगळे मी शहाणपणाने शिकलो असे नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून टपालाने मागवलेला, भट्टीत वाळवलेला म्हणून दिलेला कर्ली मेपलचा चौरस तुकडा माझ्याकडे फेब्रुवारीत आला. पट्टे इतके सुरेख होते की मी तो तसाच, अखंड, लेथवर चढवला, होळीपर्यंत क्यू पॉलिश करून दिला आणि पैसेही घेतले. ऑगस्टच्या शेवटी गिऱ्हाईक परत आले. त्यांनी काही न बोलता माझे बोट धरून जॉइंटच्या स्टीलच्या कडीवर ठेवले. कडी आणि लाकूड जिथे मिळतात तिथे नखाला पायरी लागत होती, आणि ती सुद्धा सगळीकडे सारखी नव्हे. दोन बाजूंना ठळक, दोन बाजूंना जवळपास नाही. टेबलावर बट लोटला तर तो मध्ये एकदा उचलल्यासारखा होऊन पुढे जायचा. मी तो उघडला तेव्हा कारण सापडले. बाहेरून पॉलिशचे चार हात होते, पण मागच्या रबरी बंपरखाली लाकडाचे उघडे टोक तसेच कोरे होते आणि स्क्रूच्या भोकालाही आतून काही लावलेले नव्हते. तंतूच्या टोकातून लाकूड सर्वांत झपाट्याने ओल पिते, आणि मी नेमकी तीच दोन दारे उघडी ठेवली होती. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये असा नियम आहे की भोक पाडले की त्याच दिवशी ते आतून पातळ एपॉक्सीने बंद करायचे, मग ते कुणाला दिसणार असो वा नसो.

त्या पायरीचा हिशेब आता मांडता येतो. शुगर मेपलची ओल एक टक्क्याने बदलली की वर्षवलयांच्या दिशेने ते 0.353 टक्के आणि त्यांना आडवे, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, 0.165 टक्के फुगते किंवा आक्रसते. 27 मिलिमीटर व्यासाच्या बटाची ओल पाच टक्क्यांनी वाढली तर एका बाजूने तो 0.48 मिलिमीटर वाढेल आणि दुसऱ्या बाजूने 0.22. गोल होता तो लंबगोल होईल, आणि बोटाच्या नखाला यापेक्षा कितीतरी कमी फरक कळतो. पाच टक्के म्हणजे इंदुरात काही फार नव्हे. सभोवतालची आर्द्रता 20 टक्के असेल तर लाकूड शेवटी साडेचार टक्क्यांच्या आसपास ओलीवर स्थिरावते, 80 टक्के असेल तर सुमारे 16 वर. आपल्याकडे मे महिन्याची दुपार आणि ऑगस्टची झड या दोन टोकांना नेऊन सोडतात. बंद घरात, पॉलिशखाली असलेला क्यू या टोकांपर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण पॉलिश ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करते, आणि आपला पावसाळा तीन महिन्यांहून अधिक चालतो. वातानुकूलित पार्लरमध्ये क्यू ठेवणाऱ्यांनी हे वाचून निर्धास्त होऊ नये. दिवसभर कोरडी हवा आणि रात्री यंत्र बंद झाल्यावर दमट, असा रोजचा हेलकावाही लाकडाला सोसावा लागतो.

यावर कारागिरांचा ठरलेला उपाय म्हणजे कोअर घालणे. नक्षीदार तुकड्याच्या मधोमध लांब भोक पाडायचे आणि त्यात सरळ तंतूच्या मेपलचा, बहुधा पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेला दांडा एपॉक्सीने बसवायचा. फोरआर्मसाठी दांडा पाच अष्टमांश इंच, म्हणजे 16 मिलिमीटर जाड घेतात, मागच्या जाड भागात पाऊण इंचाचाही चालतो. भोक आणि दांडा यांत अगदी नाममात्र मोकळीक ठेवावी लागते, आणि दांड्यावर एक बारीक सर्पिल खाच काढावी लागते, नाही तर आत कोंडलेली हवा चिकट द्रवाला बाहेर ढकलते आणि मध्येच कुठे तरी कोरडी जागा राहते. अशी कोरडी जागा राहिली की क्यू आयुष्यभर खेळताना बारीक किणकिणतो. तो आवाज एकदा कानात बसला की दुसऱ्या कुणाला ऐकू आला नाही तरी खेळाडूला येतोच.

कोअरबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थांबायला हवे. आत सरळ लाकूड आहे, तेव्हा बाहेर काहीही चालेल, असे गिऱ्हाईकच नव्हे तर काही कारागीरही सांगतात. गोल दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. जॉइंटपाशी फोरआर्म साडेएकवीस मिलिमीटरचा असतो. तिथे 16 मिलिमीटरचा कोअर एकूण ताठरपणाचा सुमारे 31 टक्के वाटा उचलतो. मुठीजवळ, जिथे व्यास 27 होतो, तिथे तो वाटा 12 टक्क्यांवर येतो. म्हणजे कोअर घातल्यावरही भार मुख्यतः बाहेरचे नक्षीदार कवचच वाहत असते. माणिकबाग राजवाड्यासाठी रूलमन या फ्रेंच कारागिराने इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांना मकासर एबनीचे जे फर्निचर करून दिले, त्या पद्धतीच्या कामात नक्षीचा पापुद्रा पातळ असतो आणि खालचा सांगाडा सगळे पेलतो. क्यूमध्ये तसे नसते, इथे पापुद्राच सांगाडा आहे. मग कोअर कशासाठी? तर मधला भाग काढून टाकल्यामुळे तुकड्यातला दबलेला ताण सुटतो आणि राहिलेले पातळ कवच आतून बाहेरून सारखे वाळते. आतली बाजू एपॉक्सीने कायमची बंद होते. आणि जॉइंटचा स्क्रू व फोरआर्म-मूठ जोडणारा स्क्रू यांच्या आट्या लाटदार तंतूत न बसता सरळ, घट्ट लाकडात बसतात. हे तीनही फायदे मोठे आहेत, म्हणून मी नक्षीदार मेपल कोअरशिवाय वापरत नाही. पण भोक पाडून झाल्यावर कवचाला निदान दोन महिने उघडे टांगून ठेवतो आणि त्या काळात ज्याने बाक दाखवला तो तुकडा पेनस्टँडला देतो. माझ्या टेबलावर असे तीन पेनस्टँड आहेत, तिघेही दिसायला देखणे.

लेथवर हे लाकूड कसे वागते, याविषयी थोडे. स्थिर हत्याराने साधे मेपल कातताना लांब, रेशमी साल निघते. कर्ली मेपलमध्ये हत्यार लाटेच्या उतारावरून छान जाते आणि चढावर तंतू खालून उचकटते. पाहावे तर पट्ट्यापट्ट्याने दाणेदार खड्डे पडलेले असतात, आणि ते खड्डे घासून काढायचे तर अर्धा मिलिमीटर व्यास गमवावा लागतो. म्हणून क्यूच्या लेथवर तुकडा संथ फिरवतात आणि वेगाने फिरणारे राउटरचे पाते त्याच्या बाजूने नेतात, शेवटचे फेरे तर केसाच्या जाडीचे घेतात. बर्ड्स आयचा त्रास वेगळा असतो : तिथे एखादा डोळा आख्खा उडून जातो आणि मसुराच्या दाण्याएवढी खळगी उरते. तो उडालेला कण शेडच्या फरशीवर शोधत बसण्यात मी पुष्कळ वेळ घालवला आहे. आता शेवटच्या दोन फेऱ्यांआधी सगळ्या पृष्ठभागावर पातळ सुपरग्लू फिरवून डोळे बांधून घेतो.

नक्षी दाखवण्याच्या बाबतीत गिऱ्हाइकाने आधीच विचारावे असा एक मुद्दा आहे, जो सहसा कुणी विचारत नाही. फळी सपाट असते, फोरआर्म गोल असतो. कर्लीचे पट्टे किरणपेशींच्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, कापलेल्या बाजूवर सर्वांत ठळक दिसतात आणि चपट्या बाजूवर फिके पडतात. बर्ड्स आयचे बरोबर उलटे, डोळे चपट्या बाजूवर दिसतात आणि दुसऱ्या बाजूवर नुसत्या आडव्या रेघा उरतात. त्यामुळे तुकडा गोल कातला की दोन बाजू झगझगीत आणि त्यांच्यामधल्या दोन बाजू मंद, असे होतेच. नक्षी सगळीकडून सारखी दिसेल असे आश्वासन जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चार पॉइंटच्या क्यूमध्ये, म्हणजे मुठीकडून एबनीचे किंवा शिसमचे चार टोकदार भाले वर मेपलमध्ये घुसवलेले असतात तशा कामात, ही उणीव झाकण्याची सोय आहे. प्रत्येक झगझगीत आणि प्रत्येक मंद बाजूच्या बरोबर मधोमध एकेक पॉइंट बसवला, तर त्यांच्यामधल्या चारही खिडक्यांना निम्मी झळाळी आणि निम्मी मंद बाजू मिळते आणि क्यू चहूकडून एकसारखा वाटतो. तेच पॉइंट 45 अंशांनी फिरवले तर एक खिडकी लखलखीत, पुढची साधी, असा पर्याय येतो. दोन्ही चांगले दिसते, पण कोणते हवे ते खाच पाडण्याआधी ठरवावे लागते, आणि लेथवर ती एका खुणेची गोष्ट असते. (शिसम वापरायचे आणि क्यू परदेशी पाठवायचा बेत असेल तर हेही ध्यानात ठेवा की शिसम 2017 पासून सायटीस कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, मेपलला तशी कागदपत्रांची कटकट नाही.)

पॉलिशबद्दल माझी मते जरा कडक आहेत. नक्षी उठावी म्हणून लाकडाला गडद रंग पाजून मग वरचा थर घासून काढण्याची पद्धत आहे. रंग लाटेच्या उघड्या टोकांत खोल मुरतो, इतरत्र वरच्यावर राहतो, आणि घासल्यावर पट्टे नाटकी उठतात. गिटारला ते शोभते. क्यूवर मला ते नको वाटते, कारण रंगाने गोठवलेला पट्टा प्रकाशाबरोबर हलेनासा होतो आणि ज्यासाठी एवढे पैसे दिले तो खेळच संपतो. स्पिरिट लावून पाहावे, ते उडेपर्यंतच्या मिनिटभरात लाकूड पॉलिशनंतर कसे दिसेल ते कळते. तेवढ्याने समाधान होत नसेल तर दुसरा तुकडा घ्यावा. पांढऱ्या लाखेचा किंवा पातळ एपॉक्सीचा पहिला हात नक्षीला खोली देतो, त्यावर मोटारींना मारतात तसले दोन घटकांचे पॉलियुरेथेन टिकाऊ ठरते. पाण्यावर आधारित पॉलिश स्वच्छ असले तरी त्याखाली मेपल जरा निर्जीव दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर फवारू नये, दमट हवेत त्यावर पांढरट धुके धरते. आणि मेपल पांढरे राहील अशी अपेक्षा ठेवू नये. उजेडात ते काही वर्षांत मधाच्या रंगाकडे झुकते, जे माझ्या मते त्याचे खरे वय आहे.

शाफ्ट या फळीतून का काढू नये, हे वरच्या आकड्यांवरून एव्हाना लक्षात आलेच असेल. शाफ्ट टोकाला जेमतेम 13 मिलिमीटर असतो आणि प्रत्येक फटक्याचा आघात आधी तोच झेलतो. जिथे तंतू लाटेच्या चढावर तिरका असतो तिथे त्याची आघात सोसण्याची ताकद घटलेली असते. शिवाय शाफ्टवर जाड पॉलिश नसते, बोटांचा घाम थेट लाकडात जातो, आणि लाटेची उघडी टोके बाकीच्यापेक्षा जास्त फुगून काही महिन्यांत ब्रिजमधून (क्यूला टेकू देणाऱ्या हाताच्या बोटांमधून) जाताना शाफ्ट खडबडीत लागू लागतो. शाफ्टला पांढरे, सरळ, दाट वलयांचे हार्ड मेपल घ्यावे, जे हिवाळ्यात तोडून लगेच कापलेले असते. त्याचे कातकामही एका दमात होत नाही. थोडे कातायचे, टांगायचे, काही आठवडे थांबायचे आणि त्याने जो बाक घेतला असेल तो पुढच्या फेऱ्यात काढायचा, असे ते कित्येक महिने चालते. स्नूकरच्या क्यूला आपण अ‍ॅश वापरतो, तिथेही सरळपणाचाच आग्रह असतो. आपल्याच जबलपूरच्या छावणीत 1875 मध्ये जन्मलेला तो खेळ आजवर नक्षीशिवाय नीट चालला आहे.

फटक्याविषयी एवढेच सांगतो. चेंडूला लागते ती टिप, तिच्यामागे फेरूल (शाफ्टच्या टोकाची कडी), तिच्यामागे शाफ्टचा पुढचा वीतभर भाग. चेंडू किती आडवा सरकतो ते मुख्यतः या टोकाच्या वजनावर ठरते. जॉइंटची बैठक, चिकटकाम आणि तोल यांचा अनुभव हाताला येतो. फोरआर्मवर पट्टे आहेत की नाहीत हे हाताला कळत नाही. जॉर्ज बालाबुष्का (1912–1975) यांचे नाव अमेरिकन क्यू-कारागिरीत सर्वांत आदराने घेतले जाते. त्यांनी ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे बट घेऊन त्यांवर काम केले, पुढे बर्टन स्पेन आणि गस झॅम्बोटी या कारागिरांनी जोडलेले बट वापरले. त्या टायटलिस्टचा फोरआर्म सरळ रेषांच्या साध्या मेपलचा होता आणि तसल्या क्यूंना आजही लोक जिवापाड जपतात.

आता तुमच्या फळीचे. दीड इंच जाडी पुरेशी आहे. तिच्यातून 38 मिलिमीटरचे चौरस तुकडे निघतील, रुंदीत करवतीची घट धरून तीन. आधी दोन्ही टोकांचा एकेक तुकडा कापून फोडून पाहा आणि दिशा सरळ नसेल तर तिथेच थांबा, फळीची खुंटी नाही तर चौकट करा. सरळ असेल तर तीन फुटांच्या लांबीतून प्रत्येकी 33 सेंटिमीटरचे फोरआर्मचे तुकडे कापा, आणि उरलेल्या लांबीतून मुठीमागच्या स्लीव्हसाठी (बटाच्या शेवटच्या भागासाठी) वेगळे. दोन्ही एकाच पट्टीतले असले की पट्ट्यांची जात जुळते. टोकांना लगेच वितळलेले मेण लावा आणि तुकडे उन्हापासून दूर, भिंतीला न टेकवता, दोरीने टांगा. यंत्राने ओल मोजायची गरज नाही, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. असा तुकडा साधारण 335 ग्रॅमचा असतो, म्हणजे ओल एक टक्का हलली की काटा तीन ग्रॅम हलतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने लिहीत जा. माझ्याकडे आत्ता टांगलेल्या एका तुकड्यावर मेमध्ये 329 आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला 345 लिहिले आहे. एक मे महिना आणि एक ऑगस्ट महिना त्याला पाहू द्यावा, आणि दुसऱ्या वर्षी तीच वजने पुन्हा त्याच महिन्यांत आली की लाकूड इथल्या हवेला सरावले असे मी धरतो. कोअरचे भोक आणि चिकटकाम दसऱ्यानंतर, संक्रांतीच्या आत करून घ्यावे, कारण त्या दिवसांत ओल दोन्ही टोकांच्या मध्ये असते आणि पुढे लाकूड जेवढे फुगेल तेवढेच आक्रसेल. कारागीर महिनाभरात क्यू देतो म्हणाला तर तो आधीच मुरवलेले लाकूड वापरणार आहे की तुमची ही फळी, एवढे त्याला विचारा.